अंडी बाराशे, पण घरटी बारा: आकडेमोडीत 'एक' कशाला धरायचं?

पुळणकर

नमस्कार मंडळी. दापोली तालुक्यातल्या एका किनाऱ्यावर मी गेली सहा वर्षं कासवमित्रांबरोबर काम करतोय. माझ्याकडे मुख्यतः वही असते. कासव कुठे चढलं, अंडी किती, हॅचरीत (अंडी सुरक्षित पुरून ठेवायच्या कुंपणात) कधी पुरली, पिल्लं कधी बाहेर आली, किती आली, हे सगळं मी लिहितो. गेल्या वर्षी या वहीवरून माझ्या हातून एक चूक झाली. तीच इथे मांडतो, कारण दुसऱ्या किनाऱ्यांवरही वह्या लिहिल्या जातात आणि तिथेही हेच होत असेल अशी मला भीती वाटते.

आम्ही अर्ध्या घरट्यांवर झापांची सावली केली होती, अर्धी उघडी ठेवली होती. हंगाम संपल्यावर मी हिशोब मांडला. खरी वही परवानगीशिवाय इथे देता येणार नाही, म्हणून त्याच घडणीचे गोल आकडे देतो. घरटी १२, प्रत्येकात १०० अंडी. सावलीतल्या सहा घरट्यांतून पिल्लं निघाली ८५, ८०, ७८, ७२, ७०, ३५. उघड्या सहातून ७६, ६८, ६२, ६०, ५२, ४२. म्हणजे सावलीत ६०० पैकी ४२० आणि उन्हात ६०० पैकी ३६०. सत्तर टक्के विरुद्ध साठ टक्के.

हे चार आकडे मी नेटवरच्या एका कॅल्क्युलेटरमध्ये टाकले. उत्तर आलं की सावलीचा काहीच परिणाम नसता, तर एवढा फरक निव्वळ योगायोगाने दहा हजारांत तीन वेळा दिसला असता. मी अहवालात लिहून टाकलं, 'सावलीमुळे उबवण निश्चित वाढते.' दोन गावांनी ते वाचून झापांवर खर्च केला.

मग पुतणी सुट्टीला आली. ती संख्याशास्त्रात एम.एस्सी. करते. तिने वही चाळली आणि विचारलं, "काका, हे पस्तीसवालं घरटं कसलं?" मी म्हटलं, त्यात मुंग्या शिरल्या होत्या. ती म्हणाली, "मग मुंग्यांनी पासष्ट अंड्यांवर वेगवेगळे पासष्ट निर्णय घेतले, की एकदाच घरट्यात शिरल्या?"

त्या एका प्रश्नाने माझा सगळा हिशोब उलटला. तिने ओटीवर बसून वहीच्या कागदाच्या बारा चिठ्ठ्या केल्या, प्रत्येकीवर एका घरट्याचा आकडा. चिठ्ठ्या तांब्यात घालून हलवल्या, सहा काढल्या, त्यांची सरासरी घेतली, उरलेल्या सहांची घेतली आणि फरक लिहिला. परत तांब्यात. सावली नावाची गोष्टच नसती तरी घरट्याघरट्यांत जो फरक असतो, त्यातून किती वेळा दहा टक्क्यांचा किंवा जास्त फरक पडतो, ते आम्ही मोजत बसलो. वीसेक वेळा हाताने केलं, मग तिने लॅपटॉपवर तेच हजारो वेळा करून घेतलं. उत्तर आलं: पाव भागाहून थोडं जास्त वेळा. चार वर्षांतून एकदा सहज दिसेल असा फरक मी 'निश्चित' म्हणून छापला होता.

सावलीचा उपयोग नाही, असं मी म्हणत नाही. बारा घरट्यांवरून ते सांगता येत नाही, एवढंच म्हणतो. ज्या दोन गावांनी खर्च केला त्यांना मी जाऊन हे सांगून आलो.

तुमच्या कामात 'एक' कशाला धरता, हे ऐकायला आवडेल. दवाखाना असो, गोठा असो, होडी असो.

वैशाली_दे

पुळणकर, मनापासून लिहिलंत. पण एक शंका आहे. अंडी खरोखर बाराशे होती ना? ती मोजली आहेत. मग ती बारा कशी होतील? एवढी माहिती फेकून दिल्यासारखं वाटतं.

पुळणकर

वैशालीताई, मलाही पहिल्यांदा अगदी हेच वाटलं होतं. पुतणीने उत्तर दिलं ते असं: शितावरून भाताची परीक्षा होते, पण त्याच भाताची. एका टोपातली शंभर शितं दाबून पाहिलीत तर तो टोप शिजलाय की नाही याची खात्री वाढेल. शेजारणीच्या चुलीवरच्या टोपाबद्दल त्यातून काही कळणार नाही. आम्हाला प्रश्न चुलींचा होता आणि आम्ही शितं मोजत होतो.

रिकामं घरटं उघडताना हे डोळ्यांना दिसतं. पिल्लं निघून गेली की काही दिवसांनी आम्ही खड्डा हाताने उकरतो, कोपरापर्यंत हात आत. फुटलेली कवचं भिजलेल्या जाड कागदासारखी लागतात. न फुटलेली अंडी वेगळी काढून मोजतो. चांगल्या घरट्यात वरपासून तळापर्यंत कवचंच. खराब घरट्यात तळाच्या थरातली अंडी एकजात काळपट, कारण खालची वाळू ओली राहिली. त्यांची आई एक, वाळू एक, ओल एक. एक अंडं गेलं की शेजारचं जाण्याची शक्यता आधीच वाढलेली असते.

आकडेमोड

मी महाविद्यालयात संख्याशास्त्र शिकवतो, म्हणून थोडी भर.

पुळणकरांच्या पुतणीने केलं त्याला परम्युटेशन टेस्ट म्हणतात. बारा चिठ्ठ्यांतून सहा निवडण्याचे प्रकार ९२४ आहेत, त्यामुळे संगणक सगळेच्या सगळे तपासू शकतो, नशिबावर सोडावं लागत नाही. आणि मूळ चुकीला, म्हणजे एकाच घरट्यातल्या अंड्यांना सुटे नमुने धरण्याला, नाव आहे: छद्म-पुनरावृत्ती. १९८४ साली हर्लबर्ट या परिसर-शास्त्रज्ञाने याच विषयावर लेख लिहिला आणि प्रसिद्ध झालेले कितीतरी प्रयोग या चुकीत अडकलेत हे दाखवून दिलं. तुम्ही एकटे नाही.

वैशालीताईंचा प्रश्न मात्र रास्त आहे. माहिती फेकायची नसते, तिची किंमत लावायची असते. एका घरट्यातली अंडी एकमेकांसारखी किती वागतात ते एका गुणांकाने मोजतात. घरट्यात m अंडी आणि गुणांक ρ (० म्हणजे प्रत्येक अंडं सुटं, १ म्हणजे सगळी अगदी सारखी) असेल, तर १ + (m − १) × ρ एवढ्या पटीने नमुना आकसतो. शंभर अंडी आणि ρ फक्त ०.१ असला तरी ही पट १०.९ होते! तुमच्या आकड्यांवरून मी अंदाज काढला, तोही दहा पटीच्या आसपास येतो. म्हणजे तुमची बाराशे अंडी साधारण एकशेवीस सुट्या अंड्यांच्या तोलाची.

गोठ्यांचंही तसंच. कोकण कन्याळ शेळ्यांवर खुराकाचा प्रयोग केला आणि एका गोठ्याला एक खुराक, दुसऱ्याला दुसरा असं दिलं, तर शेळ्या चाळीस असल्या तरी तुलना दोन गोठ्यांचीच होते. इतकं करून त्या शेळ्यांना सुया टोचल्या, रक्त काढलं आणि हाती काहीच आलं नाही, तर तो त्या जनावरांवर अन्याय आहे. नमुना किती हवा हे आधी संगणकावर खोटे प्रयोग चालवून ठरवता येतं. आर हे सॉफ्टवेअर फुकट आहे, साध्या लॅपटॉपवर चालतं. मी विद्यार्थ्यांना सांगतो: आधी शंभर वेळा संगणकातल्या शेळ्यांवर प्रयोग करा, मग एकदा खऱ्यांवर.

खाडीपलीकडे

सागरी जीवशास्त्रात काम करते. पुळणकर, सावलीचा मुद्दा उबवणीपुरता सोडू नका, त्यात दुसरी मोठी गोष्ट दडली आहे. कासवात पिल्लू नर की मादी हे वाळूच्या तापमानावर ठरतं. आपल्या किनाऱ्यावर चढणाऱ्या ऑलिव्ह रिडले कासवांत साधारण २९ ते ३० अंशांच्या आसपास दोन्ही सारखे निघतात, त्याहून गरम वाळूत माद्या वाढतात. आणि हे ठरतं उबवणीच्या मधल्या तिसऱ्या भागात. पंचेचाळीस ते साठ दिवसांतल्या त्या पंधरा-वीस दिवसांत घरट्यात काय तापमान होतं ते कळीचं.

पिल्लू हातात घेऊन नर-मादी ओळखता येत नाही, त्यामुळे इथे मॉडेलला पर्याय नाही. तापमानावरून अंदाज बांधावा लागतो. पण दुसऱ्या समुद्रातल्या कासवांवर बसवलेलं मॉडेल आपल्या पुळणीवर जसंच्या तसं चालेल असं गृहीत धरू नका. आणि संपूर्ण हंगामाची सरासरी टाकू नका. फेब्रुवारीत पुरलेलं आणि मार्च अखेरीस पुरलेलं घरटं यांचा मधला भाग वेगळ्या उन्हात जातो. लॉगर (तापमान नोंदवणारं यंत्र) अंड्यांच्या मधोमध ठेवा, वर वाळूत नको. अंड्यांत वाढणारी पिल्लं स्वतःही ऊब तयार करतात.

आणि 'एक'चा धडा आमच्याकडेही आहे. जानेवारी-फेब्रुवारी २०२२ मध्ये आपल्या किनाऱ्यावर पाच कासवांना उपग्रह टॅग लावले, प्रथमा, सावनी वगैरे नावं सगळ्यांच्या तोंडी झाली. २०२३ मध्ये गुहागरला बागेश्री आणि गुहा. बागेश्री श्रीलंकेला वळसा घालून बंगालच्या उपसागरात गेली तेव्हा आम्ही नकाशा उघडून रोज बघत होतो, अंगावर काटा यायचा. नकाशावर ठिपके हजारो. पण कासव एकच. त्या हजारो ठिपक्यांवरून 'कोकणातली कासवं पूर्वेला जातात' असं कुणी लिहिलं तर ते एका घरट्यावरून बोलणं झालं.

तांडेल_हर्णै

मी मच्छीमार. वाचतोय सगळं, आवडलं. एकच विचारतो. किनाऱ्यावर एवढी अंडी राखता, त्याने समुद्रातली कासवं वाढली का? आम्हाला तर ती जाळ्यातच भेटतात.

खाडीपलीकडे

दादा, तुम्ही विचारलंत तोच प्रश्न १९८७ साली क्राउस, क्राउडर आणि कॅसवेल या तिघांनी अमेरिकेतल्या लॉगरहेड कासवांबद्दल मांडला होता. त्यांनी कासवाचं आयुष्य सात टप्प्यांत तोडलं, ढोबळपणे सांगायचं तर: अंडी-पिल्लं, लहान, मोठी पण अजून वयात न आलेली, आणि पुढे वयात आलेली. दर टप्प्यात वर्षाला किती जगतात, किती पुढच्या टप्प्यात जातात, हे एका कोष्टकात मांडून संगणकावर वर्षं पुढे सरकवली. मग एकेक आकडा वाढवून बघितला. अंड्यांच्या टप्प्यात शंभर टक्के जगली असं धरलं, तरी संख्या घटायची थांबत नव्हती. मोठ्या पण वयात न आलेल्या कासवांचं जगणं थोडं सुधारलं की चित्र पालटायचं. आणि ती कासवं कुठे मरत होती? कोळंबीच्या जाळ्यांत. जाळ्यात कासवाला बाहेर पडायला दार ठेवायचं, ज्याला टेड म्हणतात, त्याची सक्ती व्हायला या कामाचा मोठा आधार झाला.

म्हणजे अंडी राखणं फुकट, असं नव्हे. वेळासला चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने २००२ मध्ये काम सुरू केलं नसतं तर किनाऱ्यावर पिल्लं दिसलीच नसती. पण पुळण राखणारा आणि जाळं टाकणारा, दोघांचे आकडे एकाच कोष्टकात आल्याशिवाय तुमच्या प्रश्नाला कोकणापुरतं उत्तर देता येणार नाही.

तांडेल_हर्णै

हे पटलं. मग आमचा आकडा कुठून येणार ते पण सांगतो. २०१८ च्या डिसेंबरपासून जाळं कापून कासव सोडलं तर सरकार भरपाई देतं, २५ हजारांपर्यंत. फोटो-व्हिडिओ लागतो. आता बघा, जाळं फारसं फाटलं नाही तर कोण अर्ज करतो? पहाटे चारला, दर्या खवळलेला, त्यात कोण मोबाईल काढतो? आम्ही तसंच सोडतो. अर्ज दहा आले म्हणजे कासवं दहा अडकली, असं कुणी लिहू नका. ज्या बंदरात लिहायला-वाचायला मदत करणारा पोरगा आहे तिथून अर्ज जास्त येतात, कासवं नव्हे.

तुम्हाला खरा आकडा हवा तर दहा होड्या चिठ्ठी टाकून निवडा आणि त्यांना वर्षभर प्रत्येक फेरी लिहायला सांगा. कासव नाही मिळालं त्या फेरीचं पण. मी लिहीन.

आकडेमोड

तांडेलदादा, केंद्रीय सागरी मत्स्यसंशोधन संस्था मासळीचा अंदाज काढते तो याच तत्त्वावर: बंदरं आणि दिवस निवडून, नमुन्यातून. आणि 'रिकामी फेरीसुद्धा लिहा' हे तुमचं वाक्य मी उद्या वर्गात फळ्यावर लिहिणार आहे.

परिचारिका_रत्नागिरी

मी प्राथमिक आरोग्य केंद्रात आहे. आमच्याकडचा अनुभव थोडा वेगळा, पण मुळात हाच.

भातलावणीच्या दिवसांत तापाचे रुग्ण येतात, पाय चिखलात, टाचांना भेगा. लेप्टोची (लेप्टोस्पायरोसिस या आजाराची) जलद चाचणी करतो. तीच चाचणी मार्चमध्येही करतो. पट्टीवर रेघ, म्हणजे 'आजार आहे' ही खूण, दोन्ही वेळा सारखीच उमटते, पण तिचा अर्थ सारखा नसतो, हे मला एका प्रशिक्षणात कळलं. तिथे उदाहरणासाठी घेतलेले आकडे असे: चाचणी आजार असलेल्या १०० पैकी ८० जणांना पकडते आणि आजार नसलेल्या १०० पैकी १० जणांना चुकून पकडते.

पावसात तापाच्या १००० रुग्णांत २०० जणांना लेप्टो आहे असं धरा. रेघ उमटेल १६० खऱ्यांना आणि उरलेल्या ८०० पैकी ८० जणांना. म्हणजे तीन रेघांमागे दोन खऱ्या. मार्चमध्ये १००० त फक्त १० जणांना असेल तर ८ खऱ्या आणि ९९ खोट्या. शंभर रेघांमागे सातेक. चाचणी तीच, पट्टी तीच.

शिवाय पहिल्या आठवड्यात प्रतिपिंडं तयार झालेली नसतात, तेव्हा लेप्टो असूनही रेघ येत नाही. म्हणून पावसात लावणी करणाऱ्या बाईला ताप, अंगदुखी, डोळे लाल असतील तर रेघ नसली तरी आमचे डॉक्टर उपचार थांबवत नाहीत. एका बाईंचा दीर माझ्याशी भांडला होता, 'रिपोर्ट निगेटिव्ह आहे तर गोळ्या कशाला?' तेव्हा मला हे समजावता आलं नव्हतं. आज येईल.

अपरान्त

वैद्यकाचा विषय निघालाच आहे तर महाडचं काम सांगायलाच हवं. डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी लाल विंचवाच्या दंशावर प्राझोसिन हे औषध वापरायला सुरुवात केली आणि मृत्यू फार मोठ्या प्रमाणात घटले. पण 'आधी इतके मरायचे, आता इतके' या तुलनेत नेहमी एक फट राहते. त्याच काळात रस्ते सुधारले, रुग्ण लवकर यायला लागले, तर श्रेय कशाला द्यायचं?

विंचवाच्या प्रतिविषाचा प्रश्न आला तेव्हा त्यांनी ही फट ठेवली नाही. ७० रुग्ण, निम्म्यांना फक्त प्राझोसिन, निम्म्यांना प्राझोसिन आणि प्रतिविष, आणि कुणाला काय मिळणार ते नशिबावर सोडलेलं. दहा तासांत पूर्ण बरे झालेले: ३५ पैकी ८ विरुद्ध ३५ पैकी ३२. हे २०११ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आलं. इथे 'एक' म्हणजे एक रुग्ण, प्रत्येकाची चिठ्ठी वेगळी. सत्तरच माणसं, पण फरक एवढा ठसठशीत की शंका उरत नाही. पुळणकरांच्या बाराशे अंड्यांशेजारी हे ठेवून बघा. आणि हे महाडच्या दवाखान्यात झालं याचा मला कोकणी माणूस म्हणून अभिमान आहे.

काजूवाडी

मी दोडामार्गचो. आमच्याकडे २०१६ पासून माकडतापाचो त्रास. काजीच्या दिवसांत लोकांका रानात जावचाच लागता आणि गोचडी अंगाक लागतत. माकड मेलेला दिसला की कळवा म्हणतत, आणि त्या ठिकाणांवरसून नकाशे करतत. माका इचारुचा असा की माकड मेलेला दिसता ता वाटेवर. आत रानात मेला तर कोणाक दिसता? मग नकाशो माकडांचो झालो की आमच्या पायवाटांचो?

आकडेमोड

काजूवाडी, तुमच्या प्रश्नावर प्रबंध होईल. माकडतापाच्या जोखमीचं एक नकाशा-मॉडेल २०२० मध्ये प्रसिद्ध झालंय, कर्नाटकातल्या रुग्णांच्या माहितीवर. त्यात सदाहरित जंगल आणि बागायत एकमेकांत मिसळलेला भाग, शिवाय देशी गुरांची दाट वस्ती, इथे धोका जास्त दिसला. आपल्या काजूबागांचं वर्णनच जणू. पण तुम्ही म्हणता तसं 'कुणी बघायला गेलं होतं का' हा रकाना नसेल तर मॉडेल पायवाट शिकतं. उपाय तांडेलदादांनी सांगितला तोच: ठरलेल्या वाटा, ठरलेले दिवस, आणि माकड नाही दिसलं तेही लिहायचं.

मॉडेल छान जुळलं म्हणून ते खरं, असं समजण्याचा धोका आपल्याच किनाऱ्यावर घडलेला आहे. साथीच्या गणितातला सर्वांत गाजलेला आलेख मुंबई बेटाचा आहे: १७ डिसेंबर १९०५ ते २१ जुलै १९०६, प्लेगने दर आठवड्याला किती माणसं मेली. केर्मॅक आणि मॅकेंड्रिक यांनी १९२७ मध्ये साथ कशी चढते-उतरते याचं आपलं समीकरण त्यावर बसवलं. मॅकेंड्रिक हिंदुस्थानच्या वैद्यकीय सेवेत होते. केर्मॅक रसायनशास्त्रज्ञ, प्रयोगशाळेतल्या स्फोटात दृष्टी गेलेले. रेघ ठिपक्यांवरून अशी गेली की पुढे पिढ्यान्‌पिढ्या तो आलेख पुस्तकांत छापला गेला. करोनात रोज ऐकलेली मॉडेलं याच कुळातली.

पण मुंबईचा प्लेग उंदीर आणि पिसवांचा होता आणि तो दर वर्षी ठरावीक ऋतूत चढून उतरायचा. २०१२ मध्ये निकोला बकाएर या फ्रेंच गणितज्ञाने दाखवलं की त्या उतरणीत ऋतूचा वाटा आहे आणि मूळ मॉडेलमध्ये ऋतू नव्हताच. एका शहराचा एक हंगाम, म्हणजे एकच घरटं. शेजारच्या वर्षांचे आकडे सोबत ठेवले असते तर लगेच दिसलं असतं. समीकरण आजही मोलाचं आहे, मी ते दर वर्षी शिकवतो. फक्त मुंबईच्या रेघेवर बोट ठेवून 'बघा, सिद्ध झालं' असं म्हणणं मी थांबवलंय.

वैशाली_दे

आता मला पटलं, आणि म्हणूनच पुढचा प्रश्न सुचला. पुळणकर, एक मादी एका हंगामात एकदाच अंडी घालते का? दोनदा घालत असेल तर तुमच्या बारांपैकी दोन घरटी एकाच आईची असू शकतील. मग 'एक' घरटं की 'एक' आई?

खाडीपलीकडे

वैशालीताई, नेमकं बोललात. ऑलिव्ह रिडले एका हंगामात दोनदा, क्वचित तीनदाही चढते. आई ओळखता आली तर मॉडेलमध्ये घरट्याच्या वर आईचा थर घालता येतो, म्हणजे एकाच आईची घरटी एका गटात धरता येतात. ओडिशात टॅग लावलेलं एक कासव २०२५ मध्ये गुहागरला अंडी घालताना सापडलं, ते केवळ कुणीतरी पायावरचा धातूचा टॅग वाचला म्हणून.

पुळणकर

सगळ्यांचे आभार. वैशालीताई, आईचा विचार आम्ही कुणीच केला नव्हता. आम्ही पहाटे जातो तेव्हा बहुतेक वेळा आई परत गेलेली असते, मागे राहतो तो फक्त वाळूतला माग. यंदापासून रात्रीची फेरी वाढवायचं आम्ही काल ठरवलं. लाल टॉर्च, अंडी घालून होईपर्यंत लांब थांबायचं, मग टॅग आहे का ते बघायचं.

तांडेलदादा, रविवारी हर्णैला येतो. तुमच्या होडीची वही मी आखून आणतोय. रकाने पाच: तारीख, किती वाव खोल पाण्यात, जाळं किती वेळ, कासव, आणि रिकामी फेरी. माझ्या वहीतही दोन नवे रकाने काढलेत: टॅग क्रमांक, आणि 'आई दिसली नाही'. दुसरा जास्त भरेल हे माहीत आहे, तरी दर रात्री लिहिणार.